फक्त सभासदांसाठी

मित्रांनो, मी एक जुना बंब आहे. पाणी उकळणारा, स्टीलचा, वीस लिटरचा. सिडनीच्या पश्चिमेला, पेंडल हिलपासून दोन स्टेशनांवर असलेल्या एका सरकारी इस्पितळाच्या टी-रूममध्ये मी सोळा वर्षे उभा होतो. तिथे मला सगळे अर्न म्हणत. बंब म्हणणारी एकटी सुनेत्रा. मला माझ्याबरोबर तिचीही हकिकत सांगायची आहे. ती फारशी गोड नाही, पण मी जे पाहिले तेच सांगणार.

एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवले. पोटात पहिल्यांदा पाणी उकळले तेव्हा वाटले, आता फुटतो. फुटलो नाही. मग युनियनने, म्हणजे इस्पितळातल्या कामगार संघटनेने, वर्गणीतून मला विकत घेतले. त्याआधी टी-रूममध्ये एकच केटल होती आणि दहा मिनिटांची सुट्टी तिच्यापुढच्या रांगेतच संपे. मी आलो आणि रांग संपली. नर्सेस, सफाईवाले, पेशंटची ने-आण करणारे, सगळे जाता-येता मला थोपटत. संपाच्या दिवशी तर मला ट्रॉलीवर बसवून फाटकापर्यंत नेले. इतक्या लोकांना मी कधीच चहा पाजला नव्हता. त्या संपानंतर सगळ्यांचा पगार वाढला. जे संपात नव्हते त्यांचाही वाढला.

सुनेत्रा वॉर्डात क्लार्क होती. पुण्याहून आलेली, कमी बोलणारी, पण बोलली की नेमके बोलणारी. कामाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर उभी राहून ती फोनवर कुणाला तरी म्हणाली, "अगं, इथे चक्क बंब आहे. फक्त लाकडं घालायची नाहीत, प्लग लावायचा." मला ते नाव आवडले. तिनेही संघटनेचे सभासदत्व घेतले.

सांगलीचा शैलेंद्र इथे शिकायला आला होता आणि नोकरी शोधत होता. इस्पितळात जागा निघाल्याचे सुनेत्रानेच त्याला कळवले आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसून त्याचा फॉर्म भरून दिला. पेशंटचे बेड ढकलण्याचे काम त्याला मिळाले. पोरगा धडपड्या होता. चार वर्षांत तो संघटनेचा प्रतिनिधी झाला. कुणाचे काही अडले की लोक म्हणत, शैलेंद्रला सांगा.

एका दुपारी सुनेत्राने त्याच्यापुढे एक पत्रक ठेवले.

"हे वाचलंस?"

पत्रक संघटनेचे होते. नोकरकपात होणारच असेल, तर तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांची आधी करा, असे त्यात लिहिले होते.

"वरून आलंय, ताई. मी नाही लिहिलं."

"मी त्याच व्हिसावर आले होते. तूही त्याच व्हिसावर नोकरीला लागलास. आणि खाली बघ काय लिहिलंय, 'आम्ही सर्व सभासद.' म्हणजे हे मीसुद्धा म्हणतेय. मी सभासदत्व सोडतेय."

"आत राहून भांडा ना. बाहेर पडून काय होणार?"

"दोन मीटिंगांमध्ये भांडले. तू होतास की. तेव्हा का नाही बोललास?"

शैलेंद्रने पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या महिन्यात सुनेत्राने सभासदत्वाचा राजीनामा दिला. इथल्या कायद्याने कुणावरही सभासद होण्याची सक्ती नाही.

दोन वर्षांनी संघटनेने भांडून पुन्हा पगारवाढ मिळवली. सुनेत्राचाही पगार वाढला. मग टी-रूममध्ये कुजबुज सुरू झाली, की काही जण आयते जेवतात. शेवटी माझ्यासमोरच सभा भरली. सभासद नसलेल्यांकडूनही फी घ्यावी, असा ठराव आला. कायद्यात ते बसत नव्हते, म्हणून कायदा बदलण्याची मागणी करायचे ठरले.

सुनेत्रा कोपऱ्यात बसली होती. ती उठून म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी भांडलात, ते मी नाकारत नाही. पण जे पत्रक मला मान्य नाही, त्याला माझे पैसे का लागावेत? एवढंच मला..."

"सॉरी, मेट," अध्यक्ष म्हणाले. "इथे बोलायचा हक्क सभासदांना आहे."

ती उभीच राहिली. शैलेंद्र समोरच बसला होता आणि आपल्या बुटांकडे पाहत होता. मग ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या पोटावर एक चिठ्ठी चिकटली. 'सभासदांच्या पैशातून घेतलेले. फक्त सभासदांसाठी.' सुनेत्रा कप घेऊन आली, तिने चिठ्ठी वाचली आणि कप धुऊन जागेवर ठेवला. तेव्हापासून ती घरून थर्मास आणू लागली. मित्रांनो, माझ्यात पाणी उकळत होते आणि चार हातांवर ती कोमट चहा पीत होती. मला माझ्याच वाफेची लाज वाटली.

एकदा खोलीत दोघेच असताना शैलेंद्र म्हणाला, "ताई, घ्या हो पाणी. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात बेड नेण्याची मोठी लिफ्ट अडकू लागली. शैलेंद्रने मॅनेजरबाईंना दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्याने त्यांना टी-रूममध्येच गाठले. तेव्हा कोपऱ्यात फक्त सुनेत्रा होती.

"आज पेशंट आत असताना अकरा मिनिटं लिफ्ट बंद होती," तो म्हणाला. "ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आला होता. कुणीतरी मरेल."

"नो वरीज, बघते मी," असे म्हणून बाई कॉफी घेऊन गेल्या.

तीन आठवडे काही झाले नाही. मग शैलेंद्रने एका स्थानिक वर्तमानपत्राला सगळे सांगितले. लिफ्ट चार दिवसांत दुरुस्त झाली आणि पाचव्या दिवशी शैलेंद्रला नोटीस आली. सरकारी नोकराने वरिष्ठांना न कळवता बाहेर बोलणे हा नियमभंग होता. "मला त्याने कधीच सांगितलं नाही," असे मॅनेजरबाईंनी लिहून दिले.

चौकशी अधिकारी सुनेत्राला भेटायला टी-रूममध्येच आले.

"तुम्ही त्या वेळी इथे होतात, असं शैलेंद्र म्हणतो. त्याने लिफ्टबद्दल सांगितलेलं तुम्ही ऐकलंत का?"

सुनेत्राने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे म्हणजे चिठ्ठीकडे. मग म्हणाली, "मला आठवत नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. संघटनेने शैलेंद्रला वकील दिला, पण साक्षीदार कुठून देणार? महिन्याभरात त्याची नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी तो टी-रूममधल्या कपाटातून आपला मग घ्यायला आला. सुनेत्रा तिथेच होती.

"तुम्ही ऐकलं होतंत ना, ताई?"

"हो."

"मग?"

"मला बोलायचं होतं तेव्हा तू खाली बघत बसलास."

"ती चिठ्ठी मी लावली नव्हती."

"काढलीही नाहीस."

शैलेंद्रने आपला मग वर्तमानपत्रात गुंडाळला. "माझी नोकरी गेली हो," एवढेच तो हळू आवाजात म्हणाला आणि निघून गेला. सुनेत्रा खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली, पण तिने हाक मारली नाही.

तो आता कुठल्याशा कंपनीची व्हॅन चालवतो, असे लोकांच्या बोलण्यातून कळले. सुनेत्रा अजून त्याच वॉर्डात आहे. टी-रूममध्ये ती फारशी येत नाही. गेल्या वर्षी भिंतीवर उकळत्या पाण्याचा नवा नळ बसवला. तो सरकारी खर्चाचा, म्हणून सगळ्यांसाठी खुला. मला तळघरात मोडक्या व्हीलचेअरच्या मागे ढकलले. कोणी म्हणते, भंगारवाला येणार आहे.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तू म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. माझी तोटी गळली तर वायसर बदलता येतो. तुम्ही ज्यांच्या शेजारी बसून काम करता, त्यांची काळजी घ्या. ज्याचे मत तुम्हाला पटत नाही, त्याला निदान पुरते बोलू द्या. आणि तुमच्यावर कितीही अन्याय झालेला असो, जे ऐकले ते विचारल्यावर सांगा. त्या दिवशी टी-रूममध्ये मीही होतो. लिफ्टबद्दलचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. पण मला तोंड नाही. तिला होते.