अर्ध्या शटरचं दुकान

"काका, तुम्ही आहात?"

अर्ध्या ओढलेल्या शटरखालून नर्सबाईंचं डोकं आत आलं. चावीवाल्याने हातातली कानस थांबवली.

"असायला काय झालं?"

"नाही, म्हणजे... तुम्ही गेलात असं कळलं."

"कुठे?"

उत्तर द्यायचं सोडून नर्सबाईंनी नजर वर नेली. चावीवाल्यानेही वर पाहिलं. वर फक्त पंखा होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागच्या आठवड्यात नर्सबाईंच्या घराचं दार लागलं आणि चावी आत राहिली. त्यांनी फोनला विचारलं, तर फोनमधल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की हे दुकान मालकाच्या निधनामुळे कायमचं बंद झालं आहे. आज त्या शेजारच्या चष्मेवाल्याकडे आल्या, तर बंद दुकानातून घासल्याचा आवाज.

"ड्यूटीवर इतकी माणसं जाताना पाहिली," त्या म्हणाल्या, "परत आलेलं हे पहिलंच."

"मग दार कोणी उघडलं?"

"त्या बाईनेच सांगितलं, कुलपात साबणाचं पाणी सोडा आणि जोरजोरात हलवा. कुलूप कामातून गेलं. शेवटी दार फोडलं."

चावीवाल्याला स्वतःच्या मरणापेक्षा याचाच राग जास्त आला. "दार कोणाचं ते तरी विचारलं तिने?"

"ती कशाला विचारेल?"

संशय हा चावीवाल्याच्या धंद्याचा अर्धा भाग आणि स्वभावाचा पूर्ण. कुणाकडे कुलूप उघडायला गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "दार कोणाचं?" खात्री पटली की दुसरं वाक्य, "जरा पाठ फिरवा." मग समोर घरमालक असो की फौजदार, त्याने पाठ फिरवल्याशिवाय पिशवीतला कुलूप उघडायचा आकडा बाहेर येत नसे. दुकानातही तेच. हात कसा चालतो ते रस्त्याला दिसू नये म्हणून काम करताना शटर अर्धं खाली. ही वडिलांची शिस्त. वडील गेले, शटर काही वर गेलं नाही.

दुपारी मुलगी डबा घेऊन आली. तिने फोन काढून विचारलं, तर दुकानाचा फोटोही आला. फोटोत शटर अर्धं खाली, आणि त्याखालून दिसणारे बापाचे पाय कुणाच्या लक्षात येणार? बाईने तेच गोड आवाजात तेच सांगितलं आणि वर दुःख व्यक्त केलं. जवळचा दुसरा चावीवाला म्हणून तिने एका दंतवैद्याचं नाव सुचवलं.

"मी जिवंत आहे," चावीवाला फोनला म्हणाला.

"हे ऐकून आनंद झाला," बाई म्हणाली. "तुमचं म्हणणं बरोबर आहे. चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे."

"आता विचार पुन्हा," त्याने मुलीला खुणावलं.

"हे दुकान मालकाच्या निधनामुळे कायमचं बंद आहे," बाई म्हणाली. "आणखी काही मदत हवी आहे का?"

मुलीला हसू आवरेना. "बाबा, मशीन आहे ते. कुठेतरी काहीतरी वाचतं आणि जोडून देतं."

"वाचतं म्हणजे कोणीतरी लिहिलेलं असणार. कोणी लिहिलं?"

महिनाभर गिऱ्हाईक का रोडावलंय याचा त्याला आता उलगडा झाला होता. असंच चाललं तर दुकान खरंच बंद करायची पाळी येणार होती, आणि वडिलांची पाटी आपल्या हातून उतरणं ही कल्पनाही त्याला सहन होईना. पहिला संशय चष्मेवाल्यावर गेला, कारण त्याला जागा अपुरी पडत होती. पण चष्मेवाल्याचा स्वतःचाच फोन बंद पडलेला. मग समोरच्या नव्या कुलपांच्या दुकानदारावर गेला. तो बिचारा महिनाभर आजारी. संशय असा दारोदार फिरून शेवटी जिथे जायचा तिथेच गेला, दादाकडे.

दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. हात चावीवाल्यापेक्षा हलका, जीभही तशीच. एकदा कुणा अनोळखी माणसाने गोड बोलून बोलावलं आणि दादाने दार कोणाचं ते न विचारताच उघडून दिलं. चोराने घर धुऊन नेलं. पोलिसांनी दादाला सोडलं, पण चावीवाल्याने सोडलं नाही. भर चौकात त्याने सांगून टाकलं, हा माझा भाऊ नाही. दादाने शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान थाटलं. पाटीवर मात्र दोघांनीही वडिलांचंच नाव ठेवलं. ते सोडायला कोणी तयार नव्हतं.

"हे घरातल्याच माणसाचं काम आहे," चावीवाला म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून निघाला. मुलीने थांबवून पाहिलं. तो ऐकणाऱ्यातला नव्हता.

बसमध्ये त्याने सगळं भांडण पाठ केलं. तुला माझं मरणच हवं होतं ना, इथून सुरुवात. वर्षानुवर्षांचा साठा होता, शब्द कमी पडणार नव्हते.

दादाचं दुकान बंद होतं. भर दुपारी शटर पूर्ण खाली आणि त्याला वडिलांच्या हातचं जुनं पितळी कुलूप. चावीवाल्याला आधी बरंच वाटलं. म्हणजे याच्याही धंद्याची बोंब आहे. त्याने दादाच्या घरी जाणाऱ्या शेजारच्या जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

वहिनी जिन्यात आल्या. त्याला पाहून त्यांनी कठडा घट्ट धरला आणि तिथेच खाली बसल्या.

"भाऊजी?"

"हो, मीच. जिवंत आहे, तेच सांगायला आलोय. दादा कुठे आहे?"

वहिनींनी मोकळ्या कपाळाला हात लावला.  तेवढ्यातच त्याला कळलं, आणि पाठ केलेलं सगळं भांडण तिथेच संपलं.

"कधी?"

"महिना होऊन गेला. चार दिवसांचं आजारपण."

"मला कळवलं नाहीत?"

"नंबर तुम्ही केव्हाच बदललेला. आमच्या पोरीने फोनवर तुमचं दुकान शोधलं. तर फोन म्हणाला, मालक वारले, दुकान बंद." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "पाटीवर नाव एकच. यांच्या जाण्याची बातमी तुमच्या दुकानाला चिकटली असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, दोघं भाऊ बोलत नव्हते, पण गेले मागोमाग. एका घरात दोघांसाठी रडले मी."

चावीवाला पायरीवर बसला. या एका कामात तरी दादाचा काहीच हात नव्हता. शेवटचं तोंड बघायचं राहिलं, आणि आता ते दार कुठल्याच आकड्याने उघडणार नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली.

मग त्याने कुलपाकडे बोट केलं. "उघडलं नाहीत?"

"चावी कुठे ठेवली ते देवाला ठाऊक. सांगायची रीत आहे का तुमच्या घरात? दुसऱ्याला बोलवायला मन होईना. हे म्हणायचे, या कुलपाला परका हात लागायचा नाही. मी विचारायचे, मग अडलं तर उघडेल कोण? म्हणायचे, धाकटा येईल की."

चावीवाला उठला. शटरपाशी उकिडवा बसला, पिशवी उघडली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं,

"दार कोणाचं?"

 वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमच्या दादाचं."

त्याने मान हलवली. आकडा हातात घेतला.

"वहिनी, जरा पाठ फिरवा."

वहिनींनी पाठ फिरवली. ते कुलूप त्याच्या ओळखीचं होतं, लगेच निघालं. निघाल्याचा आवाज वहिनींनाही ऐकू आला. पण चावीवाला ते हातात धरून तसाच बसून राहिला, आणि उघडलं का, असं वहिनींनी विचारलं नाही. त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.