शेणवा उठणार नाही

अंजूच्या लग्नाचे फोटो हे बाबांचं शेवटचं काम. मुलगी शेणव्याची, मुलगा म्हशाचा. लग्न वैशाखात झालं, अल्बम गणपतीपर्यंत द्यायचं ठरलं आणि श्रावणात बाबा गेले. कॅमेऱ्यातली कार्डं ते नेहमी लगेच पुसत. म्हणजे ते लग्न आता जगात एकाच ठिकाणी होतं: शहापूरच्या आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरच्या पोटात. आणि ते पोट बिघडलं होतं.

मी ठाण्याला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. रजा काढून स्टुडिओ आवरायला आले, कॉम्प्युटर सुरू केला, तर आतून कोणी अडकित्त्याने सुपारी कातरत बसावं तसा आवाज यायला लागला. आमच्या कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शामला फोन केला. त्याने फोनवरच ती सुपारी ऐकली.

"ताई, ही डिस्क जाणार. बंद करू नका, परत सुरू होईलच असं नाही. आत काही उघडून बघत बसू नका. निघताना मी दिलेली बाहेरची डिस्क लावा आणि तिच्यासोबतच्या सीडीवरच्या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज काढा. इमेज म्हणजे सगळं जसंच्या तसं. तांदूळ खड्यासकट."

दुपारी लाइट जायची. यूपीएस होता, पण नावालाच.

मी बाहेरची डिस्क लावली. तिच्यावरचा निळा दिवा लागला. सॉफ्टवेअर सुरू केलं. त्याने विचारलं, कॉपी कुठे ठेवू? आणि यादीत दाखवली फक्त जुनी डिस्क. नवी नाहीच.

नेमकी तेव्हाच अंजू आली, सासूबरोबर. सासू रखमीकाकू, आवाजाने दार उघडणारी बाई. त्यांच्या पाठोपाठ अंजूची आई, काशीकाकू. विहीणबाई अल्बम आणायला निघाल्याचं कानावर आलं, तशी ती शेणव्याहून मिळेल त्या जीपने निघाली होती. अल्बम आधी म्हशाला गेला तर तो आपल्याला दिवाळीपर्यंत दिसत नाही, हे तिला माहीत होतं.

"अल्बम झालेला नाही," मी म्हटलं, आणि काय झालंय ते सांगितलं.

"म्हंजे लगीन आतमधी अडाकलाय?" रखमीकाकूने विचारलं.

"तसंच."

"मंग काड ना बाहेर."

त्या दोघी बाकावर बसल्या, मधे अंजूला घेऊन. काउंटरपाशी एक गृहस्थ पासाच्या फोटोसाठी उभे होते. त्यांना मी थांबायला सांगितलं. ते आनंदाने थांबले.

शाम फोनवरून सांगत गेला तसं मी करत गेले. वायर बदलली. पुढच्या भोकातली मागच्या भोकात लावली, कारण पुढे वीज कमी मिळते म्हणे. डिस्क काढून पुन्हा लावली. बाबांची खुर्ची माझ्यासाठी फार खाली होती, पण ती वर करायचं मी टाळत होते, त्यामुळे प्रत्येक वेळी टेबलाखालून वर यायला वेळ लागत होता.

"दिवा तर लागलाय," काशीकाकू म्हणाली.

"दिवा तुमच्या जावयाच्या मोटारसायकलचा पन लागतो," रखमीकाकू म्हणाली. "गाडी चालू होत नाय."

"मंग गाडी कोनी दिली तेंला?" काशीकाकूने विचारलं. "आमी नाय दिली."

शेवटी शामने एक वेगळीच खिडकी उघडायला लावली. तिच्यात डिस्का उघड्याबोडक्या दिसतात. आणि तिथे आमची पाहुणी, ती बाहेरची डिस्क, होती, अगदी धडधाकट. विंडोजने तिला अक्षरही दिलं होतं: ई.

"मग माय कॉम्प्युटरमध्ये ई उघडा," शाम म्हणाला.

मी ई बघितलं. तिथे होता शेणवा.

कॉम्प्युटर बसवायला कल्याणहून जो माणूस आला होता, त्याने बाबांना एक कमांड शिकवली होती. ती दिली की कुठल्याही फोल्डरला स्वतःचं अक्षर मिळतं आणि तो वेगळी डिस्क असल्यासारखा दिसतो. बाबांना फोल्डरच्या पोटात फोल्डर हा प्रकार कधी पटला नाही. त्यांनी सरळ प्रत्येक गावाला एक डिस्क देऊन टाकली. कॉम्प्युटर सुरू झाला की गावं आपोआप आपापल्या जागी येऊन बसायची: शेणवा, किन्हवली, डोळखांब, आटगाव, म्हसा, सरळगाव, शहापूर, थेट झेडपर्यंत, तिथे टोकावडे. गावं संपली नाहीत, अक्षरं संपली. धसईच्या लोकांना बाबा म्हणायचे, तुम्ही अजून वेटिंगवर आहात.

विंडोजला यातलं काही ठाऊक नव्हतं. कंडक्टरने पाहुणीला सीट नंबर द्यावा आणि तिथे आधीच रुमाल टाकून शेणवा बसलेला असावा, तसं झालं होतं. बाकी सगळी एसटीही भरलेली.

शाम फोनवर इतका हसला की सुपारीचा आवाज ऐकू येईना. "ताई, बाबांनी दोन तालुके बसवलेत. कोणाला तरी उठवा."

"म्हणजे शेणव्याला उठवायचं," मी मोठ्याने म्हटलं, आणि ही चूक झाली.

"कोनाला?" काशीकाकू बाकावरून उठलीच.

"फोटो जात नाहीत, काकू. फक्त अक्षर जातं. फोटो जिथे आहेत तिथेच राहतात."

"लग्नात पन असाच बोलले. फक्त जरा सरकून बसा. सरकता सरकता आमचा मामा मांडवाच्या बाहेर."

"मामा तुमचा जेवायला गेलता बाहेर," रखमीकाकू म्हणाली. "पयल्या पंगतीला."

"शेणवा उठनार नाय. म्हशाला उठव गो नम्रता."

"म्हशाला? मुलाकडच्यांना? आमच्याकडं देव हाय. जत्रेला सगली दुनिया येते. देवाला उठवशील?"

"जत्रा पौषात. आता काय काम हाय तुमच्या देवाला?"

"आई," अंजू म्हणाली.

"तू गप," दोघी म्हणाल्या.

फोनमधून शाम ओरडत होता, कुठलंही चालेल, पण लवकर. डिस्कमधली सुपारी आता अडखळत कातरली जात होती.

रखमीकाकूने स्क्रीनकडे बोट केलं. "त्या आटगावला उठवा ना. तेंचा कोन हाय हितं?"

काशीकाकूने मान डोलावली. लग्न ठरल्यापासून त्या दोघींचं एकमत झालेलं अंजू पहिल्यांदाच बघत होती.

"मी हाय," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले.

सगळे वळले.

"मी दामू. आटगावचा. आमच्याकडं मेल थांबत नाय, एक्स्प्रेस थांबत नाय. फोटू तरी थांबू द्या."

तेवढ्यात अंजू उठली आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"ताई, तुमी शहापूरला उठवा ना. तुमी तर घरच्या. लग्नात घरचे मागून जेवतात."

बरोबर होतं. यजमानाने आधी उठायचं. मी शहापूरवर आले, कमांड लिहिली आणि थांबले. शहापूरमध्ये आमचं घर होतं. आईच्या हातातली मी, अंगणातली सायकल, बाबांनी जुन्या निगेटिव्हवरून एकेक करून आत घेतलेलं सगळं. फोटो जात नाहीत, फक्त अक्षर जातं, हे मीच आत्ता काशीकाकूला समजावलं होतं. आता माझंच बोट खाली येईना.

काशीकाकू माझ्याकडे बघत होती. "जात नाय ना?" ती म्हणाली, यावेळी जरा हळू. "मंग दाब."

मी दाबलं. शहापूर उठलं. मोकळं झालेलं अक्षर पाहुणीला दिलं. तरी यादीत ती दिसेना. ते सॉफ्टवेअर सुरू होताना एकदाच सगळीकडे बघतं आणि मग मान वर करत नाही, असं शाम म्हणाला. बंद करून पुन्हा उघडलं. पाहुणी यादीत आली.

निळी पट्टी सरकायला लागली. मी चहा सांगितला. दामूंनीही घेतला. पट्टी अडली की दोघी विहिणी एकदमच पुढे झुकायच्या. शेवटचा तुकडा फार वेळ सरकेना, तेव्हा रखमीकाकूने काशीकाकूचा दंड धरला. पट्टी भरली तरी सोडायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"आता दाखव," दोघी म्हणाल्या.

बाहेरच्या डिस्कवर सगळं आलं होतं, आता जुनीची भीती नव्हती. मी शेणवा उघडला. अंजूचं लग्न तिथे नव्हतं.

"असनारच नाय," रखमीकाकू खुशीत म्हणाली. "लगीन मुलाकडचा. म्हशात बघ."

म्हशातही नव्हतं. तिचा चेहरा उतरला. काशीकाकू हळूच म्हणाली, "शहापूरला उठवला, तेच्यात तर नवता ना?"

मी लांबच्या वाटेने, फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरात शिरले. शहापूर तिथेच होतं, जसंच्या तसं. आईच्या हातातली मीही होते. आणि अंगणातल्या सायकलच्या शेजारी अंजूचं लग्न.

"मी बाबांना बोल्लेली, शेणव्यात ठेवा," काशीकाकू म्हणाली.

"मी पन बोल्लेली, म्हशात," रखमीकाकू म्हणाली.

बाबांनी दोघींनाही हो म्हटलं असणार. ते सगळ्यांना हो म्हणायचे, आणि लग्न मग आपल्या घरी नेऊन ठेवायचे.

फोटो बघता बघता एक आला. त्यात दोघी विहिणी पदर खोचून समोरासमोर, एकीचं बोट दुसरीच्या नाकाशी, मधे मामा हातात पत्रावळ घेऊन उभा, आणि मागे मुंडावळ्या सावरत अंजू हसू दाबतेय. अंगठ्यांतले खडेसुद्धा स्पष्ट. बाबांचा हात शेवटपर्यंत हलला नव्हता.

"ह्यो काडून टाक," रखमीकाकू म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता," काशीकाकू म्हणाली.

"इमेज झाली, काकू. आता सगळं जसंच्या तसं उतरलंय."

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसने एकदा आवाज दिला आणि तोही गेला. सुपारी थांबली.

दामू पासाचे फोटो उद्या काढून घेतो म्हणाले. दोघी विहिणी बाहेर पडल्या, जीप कुठे मिळेल यावर वाद घालत. अंजू मात्र पायरीवरून परत आली.

"ताई, अल्बम होईल तेवा होऊ द्या. तो एक आधी मोठा करून द्या."

"कोणता?" मी विचारलं, तिच्याकडून ऐकायचं होतं म्हणून.

"दोघींचा. दारासमोर लावते. कोनी आवाज चडवला का नुसता बोट दाखवीन."

"केवढा करू?"

बाहेरून एकाच वेळी दोन हाका आल्या, एक "अंजू", एक "सूनबाई". तिने दाराकडे पाहिलं, आणि दोन्ही हात लांब पसरून मला माप दाखवलं.