रावणाचा विश्वस्त

त्रेपन्न सालच्या चैत्रात जव्हार-मोखाड्याच्या अख्ख्या मुलखात विश्वस्त म्हणजे काय हे समजणारा माणूस एकच होता, आणि तो मी होतो. असं मीच पोशेऱ्याला पाटलाच्या अंगणात वीस माणसांपुढे सांगितलं. पंधरा दिवसांनी विश्वस्त कसा नसावा हे त्या वीस माणसांना पक्कं कळलं, आणि उदाहरणासाठी त्यांना गावाबाहेर जावं लागलं नाही.

मी मुंबईला लॉ कॉलेजात होतो. आमचे अण्णा पोशेऱ्याला शाळामास्तर. परीक्षेला महिना उरला होता आणि हॉस्टेलात ढेकूण फार, म्हणून अभ्यासाला घरी आलो होतो. विषय इक्विटी आणि ट्रस्ट, म्हणजे न्यायबुद्धीचा आणि विश्वस्ताचा कायदा. आमचे प्रोफेसर पहिल्याच तासाला म्हणाले होते की विश्वस्ताने सांभाळायला दिलेल्या वस्तूतून स्वतःसाठी सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नसतो. ते वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं. शाई चांगली होती. अजून पुसलेली नाही.

चैत्रात आमच्याकडे बोहाडा असतो. देवांची नि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळावर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं ते ठरलेलं. मारुती एका घराचा, भीम दुसऱ्या घराचा, आणि रावण सोम्याच्या घराचा. मधलं डोकं माणसाने तोंडावर चढवायचं आणि दोन्ही बाजूंना फळीवर खिळलेली नऊ डोकी, डावीकडे चार, उजवीकडे पाच. सगळं मिळून अडीच हात रुंद. नाचून झाल्यावर सोंगाला मानाचा नारळ मिळतो, आणि तो नारळ ज्याच्या ओटीत पडला त्या घरात ते सोंग पुढच्या बोहाड्यापर्यंत राहतं.

सोम्या आदल्या पावसाळ्यात तापाने गेला. मागे बायको सुकरी, लेक सोनी आणि घरजावई माघ्या. सोम्याचा भाऊ लक्ष्या म्हणायला लागला की रावण रक्तातच राहिला पाहिजे, जावयाच्या डोक्यावर तो बसायचा नाही. सुकरी म्हणत होती की सोम्याने मरताना माघ्याचा हात धरून सोंग त्याला दिलंय. संस्थान होतं तेव्हा असली भांडणं जव्हारला दरबारात जायची. आता संस्थान विलीन झालेलं, आणि नव्या राज्यात रावण कुठल्या खात्याकडे येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जिव्या पाटील म्हातारा आणि शहाणा. त्याने ठरवलं की बोहाड्यापर्यंत मुखवटा तिसऱ्याच घरी राहू दे. माघ्या सूर्यमाळला जंगलाच्या कुपावर लाकूडतोडीला गेला होता. त्याने वेळेवर यायचं, सगळ्यांसमक्ष रावण डोक्यावर घ्यायचा, नाचायचं, नारळ घ्यायचा, की लक्ष्याचं तोंड बंद. तिसरं घर कुठलं, एवढंच ठरायचं होतं. तिथे मी उठून उभा राहिलो. आम्ही कुणाच्याच भावकीत नव्हतो, आणि वरून मी कायदा शिकलेला.

मी त्यांना ट्रस्ट समजावून सांगितला. म्हटलं, वस्तूची मालकी दोन प्रकारची असते. कायद्याने मालक विश्वस्त, म्हणजे मी. पण फायद्याची मालकीण सुकरी. मी फक्त सांभाळायचं.

सुकरी जराशी पुढे सरकली. तिने मला चड्डीत असल्यापासून बघितलेलं.

"म्हंजी मुखवटा कुणाचा? तुजा का माजा?"

"दोघांचा, सुकरीबाई."

"येका मुखवट्यात दोन डोकी कशी जातील रं?"

"दहा हाईत त्याला," लक्ष्या मागून म्हणाला. "तुमाला दोघांना पुरून माज्यासाठी आठ उरतील."

सगळे हसले. मीही हसलो, कारण अजून हसण्यासारखी परिस्थिती होती.

रावण आमच्या घरी आला. मी तो माळ्यावर बांबूच्या चटईत गुंडाळून ठेवला. रोज सकाळी पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसायचो आणि विश्वस्ताची कर्तव्यं पाठ करायचो. पाचव्या दिवशी नुसता डोक्यावर ठेवून बघितला. वजन कळावं म्हणून. सहाव्या दिवशी आरशासमोर ठेवून बघितला. हे का, ते मी पुस्तकात शोधलं नाही. लहानपणापासून मी बोहाडा मास्तरांचा मुलगा म्हणून कडेला बसूनच बघत आलो होतो. कुणी कधी एखादं शेपूटसुद्धा धरायला दिलं नव्हतं.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा मारुती नाचून झाला होता, भीम नाचून झाला होता, देवी निघायच्या तयारीत होती, आणि माघ्याचा पत्ता नव्हता. रावण देवीच्या आधी नाचला पाहिजे. पाटलाने संबळवाल्याला जरा लांबवायला सांगितलं. संबळवाल्याने इतकं लांबवलं की भीमाला नारळाआधी दोनदा नाचावं लागलं. सुकरी वाटेकडे बघत उभी. लक्ष्या कंबर कसून तयारच होता. म्हणाला, "आता हाय कोन घरचा? मीच ना."

पाटलाने मला विचारलं, "वकील, आत्ताच्या घडीला सोंग कुणाच्या ताब्यात?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा म्हणायला हवं होतं, पाटीलबाबा, माघ्या येईपर्यंत थांबा. मी म्हटलं, "कायद्याने मालक मी आहे. सोंग वाचवणं हे माझं कर्तव्य आहे."

पाटील म्हणाला, मालक नाचत असेल तर पंचांना काय अडचण. सुकरीने माझ्याकडे बघितलं, आणि मी ते होकार म्हणून घेतलं. इक्विटीत असं एक तत्त्व आहे की जे व्हायला हवं होतं ते झालंच असं समजायचं. रावण नाचायला हवा होता, मग कुणी नाचवला याला महत्त्व नाही, अशी मी मनात मांडणी केली. प्रोफेसर तिथे नव्हते, हे बरं झालं.

पाटलाच्या पडवीत मला रावण चढवला. अंगात लाल झगा, हातात लाकडी तलवार, डोक्यांवरून चाफ्याची माळ. संबळ वाजायला लागलं आणि मी रुबाबात दारातून सरळ बाहेर पडलो. रावण दारातून तिरका निघतो. हे सोम्याच्या घरातलं लहान पोर सांगेल. उजवीकडचं शेवटचं डोकं चौकटीला लागलं आणि तुटून माझ्याच पायाशी पडलं. संबळात आवाज बुडाला. मी वाकून ते उचललं, झग्याच्या आत कोंबलं, चाफ्याची माळ उजव्या बाजूला ओढून घेतली आणि नाचायला लागलो.

मी वाईट नाचलो असं कुणी म्हणालं नाही. पोटाशी एक डोकं धरून नाचत होतो, त्यामुळे चालीत एक वेगळाच जोर आला होता. बायका म्हणाल्या की यंदा रावण भरल्या पोटाचा आहे. त्या दहा मिनिटांत मला सुकरीची, माघ्याची, ट्रस्टची कशाचीही आठवण झाली नाही. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. पाटलाने नारळ माझ्या ओटीत टाकला. तो बरोबर तुटक्या डोक्यावर पडला.

तेवढ्यात गर्दीतून माघ्या आला. घाटात कुपाचा ट्रक बंद पडला म्हणून सूर्यमाळहून चालत आला होता. पाय धुळीने पांढरे, आणि डोक्याला नवं कोरं लाल फडकं बांधलेलं, रावणाच्या खाली बांधतात तसं. तो मला बघून थांबला. मग त्याने ते फडकं सोडलं आणि त्यानेच तोंड पुसलं.

नारळ घेतलेलं सोंग त्या वर्षी पुन्हा निघत नाही. नारळ माझ्या ओटीत होता. म्हणजे रावण आता आमच्या घरचा. सुतळीचा तोडा घ्यायचा नाही असं ठरलेला विश्वस्त अख्खा रावण घेऊन उभा होता.

लक्ष्या माझ्याजवळ आला. रागावलेला नव्हता. त्याला मनापासून कौतुक वाटत होतं.

"वकीलसायब, मी नुसता मागत व्हतो. तुमी शिकून घेतलात."

मी सुकरीकडे गेलो. तिला सांगायला लागलो की कायदा अशा विश्वस्ताला सोडत नाही, त्याने मिळवलेलं सगळं पुन्हा तुझ्यासाठीच धरलेलं आहे असं मानतो, मी स्टँपपेपरवर तसं लिहून देतो. तिने ऐकून घेतलं.

"कागद नको," ती म्हणाली. "तुला राखाया दिला व्हता."

एवढंच म्हणाली. मग सोनीला हाक मारून निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती.

संध्याकाळी पाटलाने पंच बसवले. निकाल मला परवडण्यासारखा होता. पुढच्या बोहाड्याला मी रावण दहाच्या दहा डोक्यांसकट चारचौघांसमोर स्वतःच्या हाताने माघ्याच्या डोक्यावर ठेवायचा, म्हणजे सोंग सुकरीच्या घरी परत. मोडकं सोंग मात्र आमच्याकडे नाचवत नाहीत, ते नदीला देतात. पाटलाने शेवटी सहज विचारलं, "डोकी समदी नीट हायेत ना?"

तेव्हा दहावं डोकं माझ्या पिशवीत, ट्रस्टच्या पुस्तकाखाली होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "हो."

अण्णा शेजारी बसले होते. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावर जाऊन मुखवटा बघितला, खाली उतरले आणि जेवायला बसले. चार दिवस ते माझ्याशी फक्त शुद्ध मराठीत बोलले. "मीठ हवे आहे काय," असं.

डोकं मी मुंबईला नेलं. म्हटलं, तिथे चांगला कारागीर मिळेल. खोलीतल्या मुलांनी त्याला टोपी घातली. परीक्षेत प्रश्न आला की विश्वस्ताने ठेवीतल्या वस्तूपासून स्वतःचा फायदा करून घेतला असेल, तर लाभार्थ्याला सल्ला द्या. मी सात पानं लिहिली आणि लाभार्थ्याला सल्ला दिला की आधी वस्तू मोजून घ्या. त्या पेपरात मी पास झालो. हे मी गावात कुणाला सांगितलं नाही.

डोकं दुरुस्त व्हायला पावसाळा गेला. कारागिराने ते रंगवलंही, आणि बाकीच्या नऊ डोक्यांपेक्षा ते जरा हसरं दिसायला लागलं. दिवाळीला घरी जाऊन सुकरीला तोंड दाखवायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी तिला पत्र लिहिलं. पहिल्यांदा खरं लिहिलं. डोकं माझ्याकडून तुटलं, पंचांसमोर मी खोटं बोललो, हे जोडायला पाठवतो आहे, माघ्याला सांग, फळीवर उजवीकडे शेवटचा खिळा आहे तिथे बसव, मुखवटा अण्णांकडून माग, ते देतील. पत्र आणि डोकं एका खोक्यात घातलं, सुतळीने बांधलं आणि मोखाड्याच्या पत्त्यावर पार्सल केलं. वर नाव लिहिलं, सुकरी सोम्या, मुक्काम पोशेरा.

पोशेऱ्याचं टपाल बाजाराच्या दिवशी मोखाड्याहून कुणाच्या तरी हाती जातं. सुकरी त्या आठवड्यात बाजाराला आली नव्हती. पार्सल तिच्या दिराने, लक्ष्याने, अंगठा देऊन घेतलं.