नावानं एक हाक

कुर्याच्चनने नावेत पाय ठेवला, तोल सावरला आणि सवयीने मागे वळून हात पुढे केला. काठावर त्याच्या धाकट्या भावाची बायको, लीलाम्मा, उभी होती. तिने त्या हाताकडे क्षणभर पाहिलं, मग तो धरून ती नावेत उतरली.

"सावकाश," तो म्हणाला. आपण हे कोणाला म्हणालो ते ध्यानात आल्यावर तो पुढे जाऊन टोकाला बसला.

वेट्टुकुळं घराण्याचा मेळावा दर वर्षी नाताळ सरल्यावर भरायचा. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, मग तोमाकुट्टी सरांचं वंशावळीवरचं भाषण, मग नावांत बसून मूळ जागेचं दर्शन आणि परत आल्यावर बदकाचं कालवण. आज सकाळीही भाषण लांबलं तसं मागून कोणीतरी म्हणालं होतं, "सर, चौथ्या पिढीतच बदक शिजलं."

"पाचवीत मऊ होईल. बसा गप," सर म्हणाले होते.

भिंतीवर टांगलेल्या कापडी झाडाच्या बुंध्याशी मूळ पुरुष होता आणि शेजारी त्याची बायको एलिश्वा. थोरल्या नातीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, ही रीत. त्यामुळे एलिश्वा एका फांदीवरून दुसरीवर जात जात सगळ्या झाडभर पसरली होती. घरात मात्र कोणी एली, कोणी एलच्ची, कोणी कुंज्येली. अख्खं नाव बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मेल्यावर.

नाव काठापासून सुटली तसे सर पुढे सरकून कुर्याच्चनजवळ बसले. नात्याने ते थोरले चुलतभाऊ.

"कुर्याच्चा, बांधावर नाव तूच घ्यायचंस."

"लीलाम्मा घेईल."

"लीलाम्मा तुझ्या बायकोची जाऊ. यंदा ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानेच उठून नाव घ्यायचं. तुझा पोरगा जोस कुवेतला. मग राहिलं कोण?"

"माझ्याने होणार नाही, सर."

"तीन अक्षरं आहेत रे."

"तीच कधी उच्चारली नाहीत."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना ते ठाऊक होतं. सगळ्या घराण्याला ठाऊक होतं. कुर्याच्चनची आई एलिश्वा, आणि डोंगरातल्या गावाहून त्याच्यासाठी ठरलेली मुलगीही एलिश्वाच निघाली. लग्नाच्या मांडवात बायका हसल्या होत्या. "आधीच्या कमी होत्या म्हणून आणखी एक आणली. आता एक हाक मारली की दोन पानं वाढा." नवरा मात्र अडचणीत पडला. बायकोला नावानं हाक मारायची म्हणजे आईलाच नावानं हाक मारल्यासारखं. मग तो 'अगं' म्हणू लागला. बांधावरच्या पंपावर त्याची नोकरी. दुपारी भूक लागली की कालव्यापलीकडच्या घराकडे तोंड करून तो "अगंऽऽ" अशी लांब हाक द्यायचा. पाण्यावरून पोचायची तर हाक ओढावी लागते. थोड्या वेळाने ती डबा घेऊन होडीत बसलेली दिसायची. लगेच ओ देणं तिला माहीत नव्हतं. हातातलं काम संपवून, मग.

आई गेली, वर्षश्राद्ध झालं, तेव्हा ती म्हणाली होती, "आता तरी नावानं बोलवा. एकदा हाक मारून बघा, ओ देते की नाही."

"तोंडाला वळण नाही," तो म्हणाला होता.

"मग राहू दे. नाव काही नासत नाही." आणि ती मासळी साफ करायला मागच्या दारी गेली होती. त्यानंतर वर्षं गेली. ती पुन्हा म्हणाली नाही, त्यानेही हाक मारली नाही.

नावा बांधाला लागल्या. माणसं एकेक करून वर चढली आणि वर आल्यावर बोलणं थांबवू लागली. बेंगळुरूहून आलेली पोरंसुद्धा गप्प झाली. एका बाजूला सरोवर, काठोकाठ, आभाळाला टेकलेलं. दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्या पातळीहून पुरुषभर खाली, कोवळ्या भाताचं हिरवं शेत, आणि त्याच्या पल्याड घरांची कौलं. मधे फक्त हा मातीचा बांध. मूळ पुरुषाने माडाचे सोट रोवून, सरोवराच्या तळचा चिखल बुड्या मारून वर काढून तो घातला होता.

कुर्याच्चनने इथे उभा जन्म काढला होता. लग्नानंतर पहिल्यांदा तिला इथे आणलं तेव्हा ती पदर घट्ट धरून म्हणाली होती, "पाणी वर आणि माणसं खाली? हे धरून कोणी ठेवलंय?"

"आम्ही," तो ऐटीत म्हणाला होता.

आज त्याने वरचं पाणी पाहिलं, खालचं शेत पाहिलं. आम्ही म्हणजे कोण, ते त्याला सांगता आलं नसतं.

जुन्या घराच्या जोत्यावर समई लावली होती. माणसं बांधावर लांबवर उभी राहिली. म्हाताऱ्या बायकांसाठी पार टोकाला माडाखाली चटया टाकल्या होत्या. सरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. पहिल्या घरातून एक तरुण पुढे आला, खाली मान घालून म्हणाला, "वर्की, माझे वडील." सगळे म्हणाले, "प्रभो, त्याला विसावा दे." मग दुसरं घर. मग सरांनी त्याच्याकडे पाहिलं.

लीलाम्मा हळूच म्हणाली, "भावोजी, मी जाऊ का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि तो जोत्यावर चढला. समईकडे त्याने पाहिलं नाही. त्याचं तोंड आपोआप कालव्याकडे, पलीकडच्या काठाकडे वळलं. ध्वनिक्षेपक त्याने घेतलाच नाही. ओठ हलले, थांबले. पाण्यावरून पोचायची तर ओढावी लागते, एवढंच त्याला आठवत होतं.

"एलिश्वाऽऽ"

ते नाव घेणं नव्हतं. ती हाक होती.

"ओ," जवळच्याच एका मुलीने म्हटलं आणि जीभ चावली. "ओ," समईपाशी उभी असलेली बाई म्हणाली. मग शेताच्या बाजूने ओ आली, नावांजवळून आली, एक कडेवरून आली, बोबडी. पुढची देतेय तोवर मागची, तरुण, जाड, घोगरी, लाजलेली, अशी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओ जात राहिली. कोणी ठरवून दिली नव्हती. हाक आली की ओ द्यायची, एवढंच सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. पोरं हसायच्या बेतात होती, पण हसली नाहीत. सगळ्या एलिश्वा त्याच्याकडे पाहत काम काय म्हणून थांबल्या होत्या.

प्रार्थनेची ओळ कोणालाच सुचली नाही. सरांच्या हातातला ध्वनिक्षेपक खाली आला.

सगळं शांत झालं. पाणी बांधाला लागून चुळचुळत होतं. आणि मग, बऱ्याच उशिराने, पार टोकाकडून आणखी एक आली.

"ओ..."

कुर्याच्चन जोत्यावरून उतरला आणि त्या दिशेने चालू लागला. माणसं बाजूला होत गेली. माडाखालच्या चटईवर अम्माई बसल्या होत्या, त्याच्या चुलत काकू, घराण्यातली सगळ्यांत म्हातारी एलिश्वा. पांढरं लुगडं, मागे पंख्यासारख्या चुण्या, कानांच्या वरच्या पाळीत सोन्याच्या कड्या. त्यांना ऐकू उशिरा यायचं. समोर केळीचं पान पसरून त्या फणसाचे गरे सोलत होत्या.

"कोणी बोलावलं?"

"मी, अम्माई. कुर्याच्चन."

"बोल मग. ओ दिल्यावर काम सांगावं माणसानं."

तो त्यांच्यासमोर मातीत बसला. लीलाम्मा मागोमाग आली होती; ती तिथेच थबकली.

"काही नाही," तो म्हणाला. "ओ देतेस की नाही, एवढंच बघायचं होतं."

उभ्या आयुष्यात तो अम्माईंशी कधी एकेरीत बोलला नव्हता. लीलाम्माने चटकन अम्माईंच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारीने हातातला गरा निवडून पानावर ठेवला, दुसरा घेतला.

"दिली की," ती म्हणाली.