शेवाळाच्या टाकीत सोडलेला कंदील

मी एक जुना कंदील आहे. मित्रांनो, ज्या सकाळी मालन गेली, त्या सकाळी मी नीट जळत होतो. वात सरळ होती, काच स्वच्छ होती. मला ते अजून खरं वाटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मला माझ्या मालकाच्या, रावजीच्या, वडिलांनी रत्नागिरीच्या बाजारातून आणलं. ते जयगडच्या बाजूच्या गावांत विहिरींचा गाळ काढायचे. पुढे ते काम रावजीकडे आलं. आमच्याकडे कातळ फोडून खणलेल्या विहिरी खोल असतात. माणूस उतरण्याआधी मला पेटवून दोराने आत सोडत. आत हवा कोंडलेली असली की माझी ज्योत बारीक होऊन विझे. मग कोणी उतरत नसे. पानांची फांदी दोराला बांधून वरखाली हलवायची, हवा खेळती करायची आणि मला पुन्हा सोडायचं, अशी रीत होती.

एकदा देवळामागच्या विहिरीत मी अर्ध्यावरच विझलो. तिघेजण उतरायला तयार उभे होते. ते तिघेही त्या दुपारी घरी जेवले. तेव्हापासून दसऱ्याला रावजी कुदळीशेजारी मलाही फूल वाहू लागला. त्याची बायको मालन राखेने माझी काच घासायची. "तुमच्यापरीस माझा ह्याच्यावर भरवसा जास्त," असं ती त्याला चिडवायची.

मग गावात नळ आले. विहिरी कोणी उपसेना. मी पडवीत खिळ्याला लटकून राहिलो. कुंभारीण माशीने माझ्या कडीला मातीचं घर बांधलं. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही.

एके वर्षी देवरूखची दिशा नावाची शिकलेली मुलगी गावात आली. खाडीवरच्या कातळाच्या सड्यावर, जिथे गवताशिवाय काही उगवत नाही, तिथे तिच्या कंपनीने लांबलचक उथळ तळी बांधली. त्यांत खाडीचं खारं पाणी भरून शेवाळ वाढवायचं आणि ते सुकवून त्यातून तेल काढायचं. त्या तेलावर इंजिन चालतं म्हणे. भाताची जमीन नको, गोडं पाणी नको. रावजी आणि मालन दोघांनाही तिथे काम मिळालं. नवं काम म्हणून रावजीने मलाही पुसून तिथल्या खोपटात टांगलं.

पहिलं तेल तळ्यांवरच कामाला असलेल्या केरूच्या होडीत घातलं, थोडं डिझेल मिसळून. सगळा गाव धक्क्यावर जमला. होडी खाडीत निघाली तेव्हा केरू ओरडला, "शेवाळावर माणूस घसरतो ता ठाव होता, होडी पण घसरते गो!" मालन पदर तोंडाला लावून हसत होती.

दिशाने मात्र कधी फुगवून सांगितलं नाही. "अजून फार महाग पडतं," ती म्हणायची. "पंप फिरवायलाच केवढी वीज जाते! आणि उरलेला चोथा सांभाळायला हवा. बंद जागेत कुजला तर विषारी वायू होतो." तो वायू मोजायला तिच्याकडे मुठीएवढा मीटर होता. चोथ्याची टाकी दोन पुरुष खोल होती.

गणपती आले. गणपतीत कोकणात कामावर कोण थांबतो? सगळे घरी गेले. टाकी ताडपत्रीखाली तशीच राहिली, तळाशी गुडघाभर चोथा साचलेला. विसर्जन झाल्यावर माणसं परतली तेव्हा टाकीतला पंप गाळाने अडकला होता. दिशा देवरूखहून निघाली होती. तिने फोनवर सांगितलं, "काका, मी मीटर घेऊन येते. तोवर कोणी उतरू नका."

"बाय माझे," रावजी म्हणाला, "तुझ्या जन्माच्या आधीपासून माझा मीटर माझ्याकडे हाय."

त्याने ताडपत्री काढली. सडक्या अंड्यांसारखा वास आला. मालनने नाक दाबलं. रावजीने मला पेटवलं आणि आत सोडलं. मी गाळापर्यंत गेलो. माझी ज्योत हलली नाही. त्याने शंभर अंक मोजले. मी तसाच जळत होतो.

"बग, कसा सरळ जळतो. हवा चोख हाय," रावजी म्हणाला. "पण माझा गुडगा..."

"तुमचा गुडगा कामाच्या येळेलाच दुखतो," मालन म्हणाली आणि कासोटा घालून शिडीवर पाय ठेवला. "सरा बाजूला."

ती उतरली. घमेल्याने गाळ ढवळू लागली. मी तिच्या खांद्याजवळ लटकत होतो.

"आवो, वास गेला की!" तिने वर बघून सांगितलं.

"गेला ना? मी बोललो नव्हतो?"

वास गेला नव्हता, मित्रांनो. त्या वायूने आधी नाकच मारलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं. मालन दमल्यासारखी शिडीला टेकली. मग खाली बसली. मग गाळात आडवी झाली. ओरडली नाही. मी तिच्या तोंडावर उजेड पाडत राहिलो.

रावजी हाका मारत शिडीकडे धावला. तेवढ्यात दिशाची स्कूटर थांबली आणि ती धावत आली. "केरूदादा, धरा त्यांना! उतरू देऊ नका!" केरूने रावजीला कमरेला मिठी मारून मागे ओढलं. रावजी त्याला चावला, तरी त्याने सोडलं नाही. दिशाने मीटर दोराने आत सोडला. तो माझ्या शेजारी आला आणि किंचाळू लागला. त्याच दोन हात जागेत आम्ही दोघे होतो. तो किंचाळत होता आणि मी शांत जळत होतो.

दिशाने मला घाईघाईने वर ओढून विझवलं. "हा वायू पेटतोसुद्धा," ती म्हणाली. मोठा पंखा लावून आत हवा सोडली, आणि मग मालनला वर काढलं. उशीर झाला होता.

तेराव्यानंतर केरू मला खाडीत फेकायला निघाला. "हा खोटारडा दिवा!" तो म्हणाला. रावजीने त्याच्या हातातून मला काढून घेतलं आणि पुन्हा पडवीतल्या खिळ्याला टांगलं.

गेल्या महिन्यात लांज्याकडचा एक माणूस आला. त्याला शेणाच्या गॅसची टाकी साफ करायची होती. "रावजी, तुझा दिवा दे," तो म्हणाला. "किती माणसं वाचवलीत त्याने!"

"वाचवलीत," रावजी म्हणाला. "श्वासाला हवा हाय का नाय, एवढाच त्याला कळतो. इख हाय का, ता त्याला कळत नाय. कळतो असा मी बोललो. मालनला मी बोललो."

रावजीने दिशाला फोन लावला आणि चप्पल घातली. "ती मीटर घेऊन येईपर्यंत मी तुझ्या टाकीच्या झाकणावर बसून राहतो. चल." गुडघा धरत तो त्याच्यामागून गेला.

मित्रांनो, शेवाळाचं तेल उद्या तुमच्या गाड्या चालवेल, कदाचित. दिशा अजून तिथेच काम करते आणि चोथ्याची टाकी आता उघडी असते. तुम्हीही असं काही नवं कराल. तेव्हा जुन्या वस्तूला आणि जुन्या माणसाला मान द्या, पण जे त्याला माहीत नाही ते त्याला विचारू नका. मला बोलता आलं असतं, तर त्या सकाळी मी एवढंच म्हणालो असतो, "मालन, थांब. मला हे ठाऊक नाही."