अजून गार नाही

"एसीत कुठला गॅस आहे ते आधी कळू दे. मग काय ते बोला," असं म्हणून आमच्या ह्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं.

गाडी ड्रायव्हिंगच्या बाईंची. अर्ध्या गावाला त्यांनी याच गाडीवर शिकवलं, मलासुद्धा. क्लच झटकन सोडला की गुडघ्यावर पट्टी बसायची. आता क्लास बंद झाला, त्यांचे स्वतःचे गुडघे गेले, पण आवाज तोच.

"गॅस म्हणजे गॅस. भरा आणि द्या. उद्या दुपारी ताईला दवाखान्यातून घरी आणायचीय. उकाड्यात घेरी येते तिला."

"बाई, एवढ्या वर्षांत कोणी काय भरून ठेवलंय, देव जाणे. एकात दुसरा मिसळला तर कॉम्प्रेसर गेलाच समजा."

बॉनेटच्या आत गॅसचं नाव सांगणारी चिठ्ठी नव्हती. नळीची तोंडं जुन्या पद्धतीची होती, पण ह्यांचा त्यावर भरवसा नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो. त्यांनी थोडा गॅस तपासणीच्या यंत्रात ओढला. "जुनाच आहे. भेसळ नाही. पण हा आता मिळत नाही. सगळा काढून नव्या गॅसवर आणावी लागेल गाडी."

"आणा. मी इथेच बसते," म्हणून बाईंनी माझी खुर्ची घेतली.

गाड्यांच्या एसीचं हे दुकान आम्ही दोघं चालवतो. त्यांच्याकडे पाने-पकडी आणि नळ्या. माझ्याकडे काउंटर, सुटे भाग आणि त्यांच्या शुगरच्या गोळ्या. गोळ्या सांभाळणं सगळ्यांत अवघड, कारण लपवाछपवीत हा माणूस लहान मुलाच्या वरताण आहे.

हिवाळ्यात एकदा त्यांनी उकळत्या चहाचा ग्लास मुठीत तसाच धरून ठेवला. संध्याकाळी बोटावर टरटरून फोड. कशाने आला विचारलं, तर म्हणे, "आला असेल कशाने तरी." मला कळायचं ते कळलं. पण एसीचा पाइप हातात धरून, त्याच्या गारव्यावरून 'झालं, पुरे' म्हणण्यात ज्याची हयात गेली, त्याला 'तुमच्या बोटांतली जाण गेली' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही झाकूनच ठेवली. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागत नसे.

जुना गॅस त्यांनी वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. तेल बदललं, नळीची तोंडं बदलली. सांध्यांतल्या रबरी रिंगा बसवताना एक रिंग दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा मी उचलली आणि बसवून दिली.

"उजेड कमी आहे," ते म्हणाले. दिवा डोक्यावरच होता.

आतली हवा खेचून झाल्यावर बाईंना स्टिअरिंगवर बसवलं, गाडी चालू केली, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. नवा गॅस जुन्यापेक्षा कमीच भरायचा असतो. ते जाड पाइपवर हात ठेवून उभे राहिले. काट्यावर वजन पुरं झालं.

"अहो, झालं."

"अजून गार नाही."

"काटा बघा ना."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? सांगतोय ना, अजून गार नाही."

मी पाइपकडे पाहिलं. तो घामाने डबडबला होता. त्यांच्या बोटांमधून पाणी ओघळून मनगटाशी आलं होतं, आणि हा माणूस आपला गारव्याची वाट बघत उभा. मी सिलिंडरची चावी बंद केली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यांनी तळवा उलटा करून पाहिला. ओलाचिंब.

"कधीपासून माहितीये तुला?" ते हळूच म्हणाले.

"चहापासून."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"अहो, किती वेळ अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरू?" आतून बाई ओरडल्या.

"धरा जरा," हे म्हणाले. मग माझा हात उचलून त्यांनी पाइपवर ठेवला. "सांग. किती गार?"

"फ्रिजमधल्या बाटलीएवढा."

"म्हणजे जास्त झालाय. थोडा परत काढू. विहिरीच्या पाण्याएवढा झाला की सांग."

मी पाइप धरून उभी राहिले. हात बधिर व्हायला आला तेव्हा कुठे तो विहिरीच्या पाण्याएवढा झाला आणि मी म्हटलं, "झालं, पुरे." त्यांनी चावी फिरवली.

बाईंनी काचा वर केल्या आणि पाच मिनिटांनी खाली केल्या. "ताईला शाल न्यावी लागेल," म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं कौतुक मी शिकतानासुद्धा ऐकलं नव्हतं. नव्या गॅसची चिठ्ठी मी बॉनेटच्या आत चिकटवली आणि बाई गेल्या.

दुकान एकदम शांत झालं. ते स्टुलावर बसले होते.

"हात बघू," म्हणाले.

"गारठलाय. तुमच्या पाइपाची कृपा."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागले. खाली मान घालून, एकेक बोट, रिंग बसवावी तसं.

"झाला का गरम?"

हात केव्हाच गरम झाला होता.

"अजून नाही," मी म्हटलं.