पाचवा बार

मी नकली पिस्तूल बोलतोय. नकली म्हणजे खेळणं नव्हे हं. दीडशे वर्षांपूर्वीच्या पिस्तुलाबरहुकूम मला हल्ली घडवलं, एवढंच. माझ्यात काळी दारू भरतात, वर शिशाची गोळी ठासतात, मागे तांब्याची टोपी बसवतात. टोपीवर घोडा आपटला की बार उडतो आणि माणूस मरू शकतो. याची मला फार भीती वाटते.

माझा मालक डेल्बर्ट, टेक्सासमधला निवृत्त बसड्रायव्हर. शनिवारी तो आपला दोस्त रॉइस याच्यासोबत नेमबाजीला जातो. माझ्या फिरत्या चक्रात गोळ्यांची सहा घरं; त्यांतली पाचच भरायची, घोड्याखालचं रिकामं ठेवायचं, ही त्यांची रीत.

एका शनिवारी चौथ्या बाराला टोपी फाटली आणि तिचा तुकडा घोड्याच्या फटीत पडला. आमच्या जातीचं हे नेहमीचंच दुखणं. पुढच्या खेपेला घोडा अर्ध्यातच अडकला. पण धुरात डेल्बर्टला काही दिसेना, आणि नेमका शेजारी रॉइसचा बार उडाला. याला वाटलं, आपलाच.

"झाले पाच," म्हणत त्याने मला पिशवीत टाकलं. पाचवी गोळी माझ्या पोटातच होती. सांगणार कसं?

घरी त्याने मला जेवणाच्या टेबलावर दुरुस्तीला घेतलं. समोर त्याची बायको आयलीन पीच सोलत बसली होती. माझं तोंड थेट तिच्याकडे.

"उचल ते धूड इथून. जॅम करायचाय मला."

"रिकामं आहे गं. घोडा तेवढा अडकलाय."

तो चिमट्याने तुकडा ओढू लागला. तुकडा निघाला की घोडा सुटणार होता. भीतीने माझं लोखंड गारठलं.

आयलीन वाकून बघत म्हणाली, "बाकीच्या टोप्या फाटून काळ्या पडल्यात. मग ही एकच चकचकीत कशी?"

डेल्बर्टचा चिमटा जागीच थांबला. "मी मोजले होते गं पाच."

"रॉइसचाही मोजला असशील, शहाण्या."

मला जमिनीकडे धरून तो हळूहळू परसात गेला. मातीच्या उंच बांधावर रोखून त्याने तुकडा उपसला. घोडा आपटला, बार उडाला.

आता मी ठणठणीत आहे. पण घरी आल्यावर डेल्बर्ट आधी माझं सहा घरांचं चक्र काढून आयलीनच्या हातात देतो. ती ते खिडकीशी धरते, एकेका भोकातून उजेड बघते, आणि मगच समोर बसते.

तुम्हीही मला कधी हातात घेतलंत, तर "रिकामं आहे" असं कुणी सांगितलं म्हणून मानू नका. उजेड बघा.